कोंबड्यांचा गृहप्रवेश

‘कोंबड्या दिवेलागणीला आपणहून घरी येतात’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त कुणाच्या घरी, एवढं विचारून घ्यावं. आम्हाला कोंबड्या विकणाऱ्याने हे वाक्य गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं आणि ते अक्षरशः खरं होतं. त्याच्या कोंबड्या रोज संध्याकाळी घरी यायच्या, त्याच्या. खोक्यात घालून आमच्याकडे आणल्यावर ते घर सुटलं, आणि आम्ही दिलेलं घर हे घर आहे हे त्यांना मान्य नव्हतं.

कोंबड्या पाळा म्हणून आग्रह करणारे लोक पुष्कळ बोलतात. ताजी अंडी, परसातल्या किड्यांचा बंदोबस्त, खरकट्याची सोय, भाजीला खत, पोरांना निसर्गाची ओळख. संध्याकाळबद्दल एक अक्षर काढत नाहीत. दिवसा कोंबडी पाळणं ही काही कला नाही. दिवसा ती स्वतःच स्वतःला पाळते: उकरते, टोचते, मातीत लोळते, उगाच दचकते आणि पुन्हा उकरायला लागते. तिचा मालक कोण, हा प्रश्न सूर्य कलल्यावर उभा राहतो, आणि नेमके तेव्हाच तुमच्याकडे पाहुणे आलेले असतात.

आमचं घर साताऱ्याच्या अशा कडेला आहे की शहर संपलं असं शहराला वाटतं आणि गाव सुरू झालं असं गावाला वाटत नाही. मागे परस आहे. त्यात एक आंबा, एक रामफळ, एक शेवगा. भिंतीपलीकडे ऊस. उसात काय काय राहतं याची यादी शेजारच्या आक्कांना तोंडपाठ आहे: मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, आणि मग आवाज खाली आणून त्या ज्याचं नाव घेत नाहीत, फक्त ‘त्यो’ म्हणतात, तो बिबट्या.

आठवडी बाजारातून पाच तलंगा आणि एक कोंबडा आणला. “नावं ठेवू नका,” आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई; माहेर कोरेगावकडचं, बालपण कोंबड्यांत गेलेलं. “नाव ठेवलेली कोंबडी कापता येत नाही.” हे ऐकल्याबरोबर लेकीने त्याच दुपारी सगळ्यांना नावं ठेवून टाकली. तांबडी, चितरी, भुरी, काळी आणि मैना. कोंबड्याचा तुरा अजून नीट उभाही राहिला नव्हता, पण तो सगळ्या जगावर डाफरत होता, म्हणून तो फौजदार. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून एक स्वप्न मावळताना मी पाहिलं. बहुधा तांबड्या रश्श्याचं असावं.

नवरा सिव्हिल इंजिनिअर. आजवरची सगळी नोकरी मोऱ्या आणि छोटे पूल बांधण्यात गेली. पुराच्या पाण्याशी हिशेब करायची सवय असलेल्या माणसाच्या हाती सहा कोंबड्यांचं खुराडं पडलं, की त्याचं जे व्हायचं ते झालं. आधी प्लॅन निघाला, मग एलिव्हेशन, मग सेक्शन. विटांचं जोतं. चारी बाजूंनी वेल्ड केलेली जाळी, कारण साधी मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. (हे त्याचं म्हणणं खरं आहे, कबूल करते.) वर उताराचा पत्रा, वाऱ्याला झरोके, चढायला आडव्या पट्ट्या मारलेली फळी. अंडी घालायचे तीन खण सगळ्यात वर, हवेशीर, पूर्वेला तोंड करून. त्याखाली बसायला दांडी. ती जिन्याच्या रेलिंगमधून उरलेल्या स्टीलच्या पाइपाची, चकचकीत. दाराबाहेर सौरदिवा. आत अंधार, कारण झोपायच्या खोलीत अंधार असावा. एकूण खर्चाला मी एकदा अंड्यांच्या संख्येने भागायला बसले, तर म्हणाला, “असं नसतं. घसारा वीस वर्षांवर धरायचा.” कोंबडी सहसा फार तर आठ वर्षं जगते.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे खुर्च्या टाकून बसलो. आईंनी हळदीकुंकवाचं ताट आणायला सांगितलं नाही एवढंच. सूर्य अजिंक्यताऱ्याकडे सरकला तशा सहाही जणांच्या माना वर झाल्या. मंडळी खुराड्यापुढे जमली. फौजदाराने फळीच्या पहिल्या पट्टीवर एक पाय ठेवला, मान वाकडी करून एका डोळ्याने आत पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने खात्री करून घेतली, आणि पाय काढून घेतला. त्यानंतर जे झालं ते इतकं पद्धतशीर होतं की त्याचाही कुणीतरी प्लॅन काढला असावा. फौजदार उलट्या बादलीवर. बादलीवरून स्कूटरच्या सीटवर. सीटवरून कंपाउंडच्या भिंतीवर. भिंतीवरून शेवग्यावर. त्याच्यामागे एकेक करत पाचही जणी. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. पोरांना आपण त्यावर चढू देत नाही. तिथे त्या एका बारक्या फांदीवर ओळीने बसल्या, फांदी वाकली, तशा जरा सरकल्या आणि डोळे मिटून घेतले.

नवरा बराच वेळ झाडाखाली टॉर्च घेऊन उभा होता. मग म्हणाला, “जोत्याची लेव्हल मात्र बरोबर आहे.”

खरं तर हे दुखणं घराण्यातलं आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा, आग्नेय आशियातल्या झाडीतला आणि बांबूच्या बनांतला. दिवसभर जमिनीवर उकरायचं आणि अंधाराच्या आत उडून फांदीवर जायचं, ही त्याची रीत, कारण जमिनीवर झोपण्याची हौस असलेले जे कोणी पूर्वज होते ते वंश वाढवायला उरले नाहीत. थायलंडमधल्या बान नोन वाट इथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची पाळीव कोंबड्यांची हाडं सापडली आहेत. भाताची शेती आली, धान्य सांडायला लागलं, आणि त्या दाण्यांमागे रानकोंबडी झाडावरून माणसाच्या दारात आली, अशी मांडणी संशोधकांनी २०२२ साली केली. म्हणजे साडेतीन हजार वर्षं ही बाई माणसाचे दाणे खाते आहे, आणि झोपायचा विषय निघाला की अजून झाडाकडे बघते. त्यात आपल्या सह्याद्रीचंही थोडं रक्त तिच्यात आहे. कास-कोयनेच्या रानात राहणारा राखी रानकोंबडा हा निराळ्या जातीचा. पण पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचं जनुक त्याच्याकडून आलं, हे २००८ साली उघड झालं. आमच्या फौजदाराचे पाय पिवळेधमक. कासला आजोळ असलेल्या माणसाला तुम्ही प्लायवूड काय दाखवता?

‘झोपू दे की झाडावर, काय बिघडतं?’ असं विचारणारे भेटतात. ते उसाच्या शेजारी राहत नाहीत. झाडावरची कोंबडी कुत्र्यापासून वाचते. रानमांजर आणि उदमांजर झाडावर चढतात, घुबडाला तर चढावंही लागत नाही. वर साताऱ्याचा पाऊस. म्हणून रोज रात्री उतरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

हा कार्यक्रम वाटतो त्यापेक्षा सोपा आहे, आणि त्याचं श्रेय कोंबडीच्या डोळ्यांना. दिवसा तिची नजर आपल्याहून वरचढ. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यांत तीन तऱ्हेच्या, तिच्या डोळ्यांत चार, शिवाय जोडशंकूंचा एक प्रकार वेगळाच. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही तिला दिसतात. एवढी श्रीमंती करताना अंधाराची तरतूद तेवढी राहून गेली. उजेड ठरावीक पातळीखाली उतरला की ती आहे तिथे बसते, आणि मग तिला उचलून कुठेही ठेवा, ती फक्त पुटपुटते. दुपारी जिला पकडायला तिघांना अंगणभर पळावं लागतं ती रात्री आठला हातात येऊन बसते. तेव्हा स्टुलावर नवरा, खाली झेलायला मी, टॉर्च लेकीकडे आणि सल्ला आईंकडे, अशी आमची रचना होती. “पाय धरून ओढू नकोस, पंखांवरून दोन्ही हात घाल. आधी वर उचल, बोटं सुटू देत.” हे आईंचं बरोबर होतं. कोंबडीचा पाय दुमडला की आतली शीर ताणली जाऊन बोटं आपोआप मिटतात. झोपेत ती फांदीवरून पडत नाही ते यामुळेच. उचलून पाय मोकळा केला की पकड सुटते. ओढलं तर कोंबडीबरोबर फांदीही येते. शेवग्याची तर येतेच.

उतरवलेल्या कोंबड्या खुराड्यात, दार बंद, कडी, झोप. सकाळी दार उघडायचं आणि संध्याकाळी त्या पुन्हा बादली, स्कूटर, भिंत, शेवगा.

या काळात आमच्या सामाजिक आयुष्याचं वाटोळं झालं. कोंबड्यांची वेळ घड्याळाची नसते, सूर्याची असते. साताऱ्यात सूर्य जूनअखेर सव्वासातच्या आगेमागे मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. त्याबरोबर तुमचं जेवणखाण, बाजारहाट, सगळं सरकतं. आभाळ भरून आलं की त्या आणखी आधी निघतात. त्यांच्या मेंदूत पिनिअल नावाची एक ग्रंथी आहे. ती कवटीतून झिरपणारा उजेड थेट जोखते. म्हणजे कोंबडीने डोळे मिटले तरी सांज झाली हे तिला कळतं. आमच्या घरात डोळे उघडे असून कळत नाही, कारण तेव्हा मालिका लागलेली असते. आईंच्या पंचांगाचा आजवर एकादशी आणि चतुर्थीपुरता उपयोग व्हायचा. आता नवरा रोज सकाळी त्यात सूर्यास्ताची वेळ बघायला लागला, तेव्हा त्यांना वाटलं मुलगा वळणावर आला. सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला ‘कोंबड्या आत गेल्या की येतो’ असं सांगणं बरं दिसत नाही, पण सांगावं लागतं. गोरज मुहूर्ताच्या लग्नांना जाणं आम्ही सोडलं आहे. आहेर पोचता करतो.

सल्ले आले. कुणी पंख कापा म्हणालं. कुणी शेवगा तोडा म्हणालं. नवऱ्याच्या एका मित्राने ऑटोमॅटिक दाराची माहिती पाठवली; उजेड कमी झाला की ते आपोआप बंद होतं. छान आहे. कोंबड्या बाहेर असतानाही ते बंद होतं.

शेवटी आक्का आल्या. वाटीभर साखर परत करायला आल्या होत्या, पण परसात नजर गेली आणि त्या खुराड्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आल्या.

“वैनी, हे कुनासाठी बांधलंय?”

“कोंबड्यांसाठी.”

“आसं व्हय. मला वाटलं देवासाठी.”

मग त्यांनी दारातून डोकं आत घातलं. नवरा हातात टेप घेऊन शेजारी उभा, माप विचारलं तर सांगायला. त्यांनी माप विचारलं नाही.

“वर ही खोकी कशाची?”

“अंडी घालायचे खण आहेत.”

“दादा, कोंबडी सगळ्यात उच्च जागा धरती झोपाय. तुमी उच्च जागंला अंड्याची खोली केली. आता ती तिथं झोपनार, रातभर तिथंच घान करनार, अन् अंडं घालाय उसात जानार. कोंबडी झोपली तरी तिचं पोट झोपत न्हाई.”

नवऱ्याने ‘हवा खेळती राहावी म्हणून’ असं काहीतरी सुरू केलं. आक्कांनी तोवर दांडीवर बोट फिरवलं होतं.

“आन् ही नळी हाय का आरसा? ह्येच्यावर तुमी बसून दावा.”

नवरा गप्प. मी आत चहा टाकायला जाणार होते, पण हे सोडून जाववेना.

“लाकूड घाला. बाभळीचं घाला, न्हाईतर कसलंबी घाला, दोन बोटं रुंद, कडा मारून. अन् दिवा भाईर कशापायी? चोरासाठी? भाईर उजेड अन् आत काळोख, मग आत कोन जाईल? आपुन तरी जातो का?”

एवढं बोलून त्या जायला निघाल्या आणि फाटकाशी थांबल्या. “आठ दिस दार उघडू नगा. आतच खाऊ द्या, आतच पिऊ द्या. कोंबडीला कालची रात जिथं गेली ते घर. मागली जागा इसरंस्तवर सोडू नगा. अन् आधनंमधनं फटीत पिसवा झाल्यात का बघत जावा. पिसवा झाल्या तर सोन्याच्या खोलीतबी जानार न्हाईत.”

आतल्या खुर्चीवरून आई म्हणाल्या, “मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डालगं आणा म्हणून.”

डालगं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बांबूच्या कामट्यांची, पालथी घालायची मोठी टोपली. बुरूड विणतो. संध्याकाळी कोंबड्या धरायच्या, त्याखाली झाकायच्या, वर दगड ठेवायचा. सकाळी दगड काढायचा. ना प्लॅन, ना एलिव्हेशन. हा शब्द घरात निघाला की नवरा दुसऱ्या खोलीत जातो.

पण बदल केले. खण खाली आले, दांडी वर गेली. पाइप निघाला, बाभळीची सोट आली. सौरदिवा आत गेला. मापं पुन्हा काढली गेली आणि सुधारित प्लॅनवर ‘रिव्हिजन बी’ असं लिहिलं गेलं. आक्कांचं नाव कुठे नव्हतं. मग आम्ही दार लावून घेतलं.

कोंडलेल्या कोंबड्यांचे ते दिवस कसे गेले ते आजूबाजूच्या लोकांना विचारावं. कोंबडी रागावली की एकच सूर धरते, वर चढवते आणि अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. फौजदाराने तर स्वतःला राजकीय कैदी ठरवून घेतलं. खुराडं घराच्या आडोशाला, तांबडं दिसायची सोय नाही, तरी तो अंधारात अचूक वेळेला आरवायचा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण ऐकत आलो. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे म्हणीत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हेच दाखवलं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमाराला आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या आतच असतं. आमच्या गल्लीला हे संशोधन आधीच माहीत झालं होतं.

त्या दिवसांत मला रोज संध्याकाळी खुराड्याशी बसायची सवय लागली, आणि खरं सांगायचं तर एवढी करमणूक मालिकांत नाही. दांडी चांगली लांब आहे. एका कोंबडीला वीतभर जागा पुरते. सहाजण ऐसपैस बसून वर दोन पाहुणे मावतील. पण बसायचं सगळ्यांना एकाच टोकाला, भिंतीकडच्या. एसटीत खिडकीच्या जागेवरून जी भांडणं होतात त्यातलं एकही इथे बाकी राहत नाही. भुरी आधी येऊन बसते. तांबडी येते, भुरीच्या डोक्यात एक टोच मारते, भुरी उठते. मग भुरी चितरीला मारते. चितरी मैनेला. मैना बिचारी कुणाला मारणार, म्हणून ती दांडीलाच चोच घासते. हे सगळं ठरलेल्या क्रमाने, रोज. या क्रमाचा शोध नॉर्वेच्या थॉरलेफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या गृहस्थाने लावला. लहानपणीच तो कोंबड्यांपुढे बसून कोण कुणाला टोचतं याच्या नोंदी ठेवायचा. पुढे १९२२ साली त्याने त्यावर शास्त्रीय लेख छापला आणि कोंबड्यांतली ही उतरंड जगाला कळली. आपल्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुठल्याही धाकट्या सुनेने ती त्याला आधीच सांगितली असती. हे वाक्य आई वाचणार नाहीत, त्यांना चष्मा लागतो आणि तो सध्या पंचांगात आहे.

फौजदार या भांडणात पडत नाही. तो सगळ्यात आधी मधोमध बसतो आणि पहिला झोपतो. झोपताना एक डोळा उघडा ठेवतो. कोंबड्यांना मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपता येतं. बंदोबस्त म्हणायला हरकत नाही.

आठवडा झाल्यावर दार उघडलं, तेही उन्हं कलल्यावर, आणि त्यांना दिवसभर फार खायला न देता. आत दिवा लावला. डब्यात मूठभर मका घालून डबा खुळखुळवला. पहिला धावत आला तो नवरा, कारण चिवड्याचा डबाही असाच वाजतो. त्याच्यामागून कोंबड्या आल्या. बादलीपाशी फौजदार थबकला. स्कूटरकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. आम्ही कुणी श्वास घेत नव्हतो. मग तो वळला आणि फळी चढून आत गेला, मागून तांबडी, चितरी, भुरी, मैना. आत भांडणाचा आवाज सुरू झाला तेव्हा नवऱ्याने मला टाळी दिली. दिवा मात्र लगेच घालवायचा नसतो. सगळ्या दांडीवर चढेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर जी खाली राहिली ती अंधारात रात्रभर खालीच बसते.

आता तुम्ही मोजलं असेल. एक कमी आहे.

काळी. काळीला खुराडंही नको आणि शेवगाही नको. ती स्कूटरच्या सीटवर बसली. ती आजही तिथे बसायला जाते. उचलून आत ठेवली की मुकाट राहते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कूटर. स्कूटर पुढे लावली, मागे लावली, झाकून ठेवली. झाकलेल्या स्कूटरवर तिला अधिक ऊब लागते असं दिसतं. नवऱ्याने रिव्हिजन सी हाती घेतली, त्यात खुराड्याच्या आत स्कूटरचं जुनं सीट बसवायचं होतं. गॅरेजवाल्याने कशाला म्हणून विचारलं तेव्हा तो विषय बदलून परत आला. रोज सकाळी सीट धुणं हे आता त्याचं काम आहे, आणि ऑफिसला निघताना तो आधी सीटकडे बघतो, मग पँटकडे.

पावसाळा सरता सरता काळी खुडूक झाली. अंग फुगवून खणात ठाण मांडलं, हात लावू देईना. आईंनी खाली चांगली अंडी सरकवली. एकवीस दिवस ती उठली ती फक्त दाणापाण्यापुरती, आणि त्या एकवीस रात्री, लक्षात घ्या, ती खुराड्यात झोपली. नवऱ्याने याचं श्रेय रिव्हिजन बीला दिलं. मग पिल्लं निघाली आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. पिल्लांची आई दांडीवर झोपत नाही. पिल्लांना चढता येत नाही, म्हणून ती त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवर बसते. जमिनीवर, म्हणजे वरच्या पाचजणांच्या बरोबर खाली. कोंबडी झोपली तरी तिचं काय झोपत नाही ते वर आलंच आहे. काळीने एक रात्र हे सोसलं आणि दुसऱ्या संध्याकाळी पिल्लं घेऊन स्कूटरखाली जाऊन बसली.

तेव्हा सातारा-कोरेगावकडच्या वाचकांना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर कामट्यांचं जुनं, घट्ट विणीचं, एक कोंबडी आणि नऊ पिल्लं मावतील एवढं डालगं पडून असेल तर कृपया कळवावं. बाजारात प्लॅस्टिकचं मिळतं, ते आईंना चालत नाही. योग्य किंमत देऊ. दुपारी नवरा ऑफिसात असताना फोन करावा, आणि तो घरी असलाच व त्यानेच उचलला, तर सत्यनारायणाचं आमंत्रण आहे असं सांगावं.